कोकणातल्या कारखान्यासाठी स्टेनलेस पाइप: सीमलेस कधी, वेल्डेड कधी

लोटे-परशुराम असो, महाड असो की रोहा-धाटाव, खरेदीच्या कागदावर स्टेनलेस पाइपच्या पुढे ‘सीमलेस’ (बिनजोड) हा शब्द बऱ्याचदा सवयीने पडतो. जुन्या पीओत (खरेदीच्या मागणीपत्रात) होता म्हणून नव्या पीओत आला. वाईट काही नाही, पण त्या शब्दापायी जास्तीचे पैसे जातात आणि तेच पैसे वरचा ग्रेड (स्टेनलेसची प्रत), चांगला वेल्डर किंवा वेल्डिंगच्या आरगॉन वायूचा आणखी एक सिलिंडर यावर खर्च झाले असते तर लाइन जास्त वर्षं टिकली असती. किनारपट्टीवर पाइप सडतो तो बहुतेक वेळा क्लोराइडमुळे, म्हणजे मिठातल्या घटकामुळे, आणि क्लोराइडला पाइपला जोड आहे की नाही याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा: आधी ग्रेड, मग दाब आणि जाडी, आणि सीमलेस की वेल्डेड हा प्रश्न त्यानंतर.

दोन्ही पाइप बनतात कसे

सीमलेस पाइप भरीव बिलेटपासून (धातूच्या गोल दांड्यापासून) होतो. बिलेट तापवून मधोमध आरपार भोक पाडतात किंवा एक्स्ट्रूजन करतात, आणि त्या जाड नळीला थंड अवस्थेत ओढून हव्या त्या मापाला आणतात. भोक पाडताना अवजार किंचित जरी सरकलं तरी पाइप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होतो. ही विकेंद्रता पुढे ओढकामातही पूर्ण जात नाही.

वेल्डेड पाइप पट्टीपासून होतो. कॉइल चिरून रोलरमधून गोल वळवतात, कडा टिग, प्लाझ्मा किंवा लेसर वेल्डिंगने जुळवतात, आतला मणी (वेल्डचा उंचवटा) दाबून सपाट करतात आणि मग अनीलिंग, म्हणजे तापवून थंड करणं. पट्टीची जाडी सगळीकडे जवळपास सारखी असल्याने पाइपही एकसारखा येतो. मोठ्या व्यासाला प्लेट वळवून फिलर (भरणीची तार) घालून वेल्ड करतात.

एएसटीएम ए३१२ या अमेरिकी मानकात दोन्ही प्रकार बसतात, त्यामुळे सर्टिफिकेटवर नुसतं ‘ए३१२’ पाहून पाइप सीमलेस आहे असं समजू नका. ए३१२ च्या वेल्डेड पाइपचा जोड फिलर न घालता मारलेला असतो आणि नंतर किमान १०४० अंश सेल्सिअसला सोल्यूशन अनीलिंग करून पाइप झपकन थंड करावा लागतो. फिलर घालून केलेल्या पाइपसाठी ए३५८, आणि अनीलिंग न केलेल्यासाठी ए७७८. बाजारात ‘वेल्डेड’ म्हणून स्वस्तात दाखवला जाणारा पाइप पुष्कळदा ए७७८ किंवा चक्क रेलिंगचा, म्हणजे ए५५४ असतो. रेलिंगचा पाइप चकाकतो छान, पण तो दाबाच्या किंवा रसायनाच्या लाइनसाठी नसतोच. वेल्डेड पाइप बदनाम झाला आहे तो मुख्यतः या दोन प्रकारांमुळे.

आधी ग्रेड

साधं, उदासीन, थंड पाणी असेल तर क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असताना ३०४ (क्रोमियम-निकेलचा नेहमीचा ग्रेड) चालतो आणि १००० च्या आत असताना ३१६ (ज्यात मॉलिब्डेनमही असतं). हा ढोबळ नियम आहे. पाणी तापलं, साचलं किंवा आम्लधर्मी झालं की आकडे झपाट्याने खाली येतात. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९,००० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे खाडीचं किंवा समुद्राचं पाणी उचलायला ३१६एल (कमी कार्बनचा ३१६) लावणं हे पैसे पाण्यात घालणंच आहे, मग तो सीमलेस का असेना. तिथे एचडीपीई (प्लॅस्टिक) किंवा एफआरपी (काचतंतूंचं प्लॅस्टिक) लावा. धातूच हवा असेल तर सुपर डुप्लेक्स किंवा टायटॅनियमकडे जावं लागतं. फ्लँजच्या गॅस्केटखाली, जिथे पाणी अडकून बसतं, तिथे ३१६एल पहिल्यांदा खड्डे धरतो.

हायड्रोक्लोरिक आम्लालाही हेच. ३०४, ३१६, सीमलेस, वेल्डेड, काहीही टिकत नाही. अस्तराचा किंवा प्लॅस्टिकचा पाइप घ्या आणि पुढचा प्रश्न पाहा.

वेल्डिंग होणार असेल तर ‘एल’ ग्रेडच घ्यायचा. साधारण ४२५ ते ८१५ अंशांच्या पट्ट्यात जास्त वेळ राहिलं की कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर बसतो, आणि वेल्डच्या शेजारची पट्टी आम्लात पोखरली जाते. कार्बन कमी असला की हा धोका जवळपास संपतो.

दाबाचं गणित करून पाहा

‘दाब आहे, सीमलेस घ्या’ हे वाक्य आकडा न सांगता कोणी बोललं तर त्याला थांबवा. एएसएमई बी३१.३ या पाइपिंगच्या कोडप्रमाणे सरळ पाइपची लागणारी जाडी अशी निघते: दाब गुणिले बाहेरचा व्यास, भागिले दोन गुणिले (परवानगीचा ताण गुणिले जोडाचा गुणांक, अधिक दाब गुणिले ०.४). गुणांक म्हणजे अखंड भिंतीच्या तुलनेत जोड किती भक्कम धरायचा ते; सीमलेसचा गुणांक १.०० असतो. ए३१२ च्या एकेरी (एकाच बाजूने वेल्ड केलेल्या) जोडाचा ०.८०, दुहेरीचा ०.८५. जोडाची शंभर टक्के रेडिओग्राफी (एक्स-रे तपासणी) केली की वेल्डेडचाही १.०० धरता येतो.

४ इंची पाइप घेऊ, बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, ग्रेड ३१६एल, सामान्य तापमान, परवानगीचा ताण ११५ मेगापास्कल, गंजासाठी वेगळी सूट नाही.

दाब २० बार, म्हणजे २ मेगापास्कल. सीमलेसला जाडी लागते ०.९९ मिमी, वेल्डेडला १.२३ मिमी. शेड्यूल (जाडीची ठरलेली श्रेणी) १०एस ची जाडी ३.०५ मिमी, गिरणीची, म्हणजे पाइप बनवणाऱ्या कारखान्याची, १२.५ टक्के तूट धरली तरी २.६७ उरते. दोन्ही पाइप दुपटीहून जास्त भक्कम आहेत. इथे दाबाच्या नावाखाली सीमलेस मागणं निरर्थक.

आता दाब १०० बार करा. सीमलेसला ४.८० मिमी लागतात, वेल्डेडला ५.९५. शेड्यूल ४०एस ६.०२ मिमीचा असतो, तूट धरून ५.२७. सीमलेस बसला, वेल्डेड नापास झाला. वेल्डेडच हवा तर ८.५६ मिमीच्या शेड्यूल ८०एस वर जावं लागेल आणि वजनात सगळी बचत वाहून जाईल. इथे सीमलेसला खरी किंमत आहे.

याच गणितात एक पळवाट आहे, ती खरेदी विभागाने लक्षात ठेवण्यासारखी. ‘३१६/३१६एल’ असं दुहेरी प्रमाणित पाइप मिळतो: कार्बन ‘एल’ चा, ताकद साध्या ३१६ ची. त्याचा परवानगीचा ताण १३८ मेगापास्कल धरता येतो. मग १०० बारला वेल्डेडची जाडी ५.०० मिमी येते आणि तोही शेड्यूल ४०एस मध्ये बसतो. काठावर बसतो, त्यामुळे दाब सतत वरखाली होत असेल तर मी तरी तो घेणार नाही. पण स्थिर दाबाला कोडप्रमाणे चालतो. बाजारातला बराच माल दुहेरी प्रमाणित असतोच, फक्त आपण पीओत तसं लिहीत नाही.

वजन काढायचं सूत्र पाठ असू द्या: (बाहेरचा व्यास वजा जाडी) गुणिले जाडी गुणिले ०.०२४९, उत्तर मीटरला किलो. ४ इंची १०एस मीटरला ८.४५ किलो भरतो, ४०एस १६.२ किलो. ६ मीटरच्या नळीमागे हा फरक ४६ किलोंच्या वर जातो. म्हणजे नको असताना जाड शेड्यूल लिहिणं हे नको असताना सीमलेस लिहिण्याइतकंच खिशाला लागतं.

जोड सडतो, ही भीती कितपत खरी

६ मीटरच्या वेल्डेड नळीचा कारखान्यातला जोड यंत्राने मारलेला, अनील केलेला, एडी करंटने (विजेच्या प्रवाहाने दोष शोधणाऱ्या चाचणीने) तपासलेला असतो. हीच नळी साइटवर आली की फिटर ती कापतो, एल्बो टॅक करतो, आणि वेल्डर परांचीवर उकिडवा बसून गोल जोड मारतो. त्या जोडाचं अनीलिंग कोणी करत नाही. आतल्या रसायनाला यातला कच्चा दुवा कोणता वाटेल? ज्या माध्यमात साइटचा जोड टिकतो तिथे गिरणीचा जोड टिकतोच. आणि ज्या माध्यमात गिरणीचा जोड टिकणार नाही, तिथे सीमलेस आणूनही दर सहा मीटरला साइटचा जोड सडायला तयारच आहे.

याला दोन अपवाद आहेत. पहिला ताणाचा: आतल्या दाबामुळे पाइपच्या घेरात जो ताण येतो तो लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो, आणि लांबीचा जोड नेमका तो दुप्पट ताण अंगावर घेतो. त्यामुळे दाबाचे हिसके, कॉम्प्रेसरची धडधड, वारंवार तापणं-निवणं अशा ठिकाणी सीमलेसच योग्य. दुसरा अपवाद गरम, तीव्र नायट्रिक किंवा सेंद्रिय आम्लांचा. तिथे जोडातला डेल्टा फेराइट (वेल्ड गोठताना मागे उरणारा वेगळ्या रचनेचा धातू) आधी खाल्ला जातो आणि जोडाच्या रेषेत खाच पडते. अशा सेवेत वेल्डेड घ्यायचाच असेल तर सोल्यूशन अनीलिंग आणि ए२६२ ची आंतरकणीय गंज चाचणी या दोन्ही गोष्टी पीओत लिहून घ्या.

सीमलेसबद्दल वाद घालू नये अशा जागा आणखी थोड्या. इन्स्ट्रुमेंटची पाव-अर्धा इंची ट्यूब, कारण फेरूल (फिटिंगमधली आवळणारी कडी) जोडाच्या उंचवट्यावर बसला की गळतो. ती ए२६९ सीमलेस, कडकपणा ८० एचआरबीच्या (रॉकवेल बी मोजपट्टीवर) आत. हायड्रॉलिक लाइन. आट्यांचे छोटे पाइप, अर्धा ते दीड इंच, शेड्यूल ४० किंवा ८०. तिथे एकूण वजनच इतकं कमी की बचतीचा विचार सोडून द्यावा. १०एस वर आटे पाडायचे नसतात, हे वेगळं सांगायला नको, तरी पाडलेले दिसतात. आणि वाफ: चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोंच्या वरच्या दाबाची वाफेची लाइन आयबीआरखाली (बॉयलरच्या सरकारी नियमांखाली) येते. त्यासाठी फॉर्म ३-ए (त्या नियमांतलं चाचणीचं प्रमाणपत्र) असलेला पाइपच लागतो, आणि तो कागद माल आल्यावर तयार करून मिळत नाही.

उलट थंड पाणी, कमी दाबाची हवा, सॉल्व्हंटची ट्रान्सफर लाइन, व्हेंट, टाक्यांमधली जोडणी, ८ इंचाच्या वरचं जवळपास सगळं काम, यांना ए३१२ वेल्डेड उत्तम. कंडेन्सरच्या नळ्यांनाही ए२४९ वेल्डेड चालते. पातळ जाडीत तिची एकसारखी भिंत सीमलेस ए२१३ पेक्षा बरी पडते.

मासळी आणि आंबा

रत्नागिरीकडच्या मासळी प्रक्रिया आणि आंबा पल्पच्या कारखान्यांना पाइपपेक्षा ट्यूब लागते, आणि ती बहुतेक वेल्डेडच असते: ए२७०, आतला मणी काढलेला, आतून ०.८ मायक्रॉनच्या आसपास गुळगुळीत. सीमलेस इथे उलट गैरसोयीचा ठरू शकतो, कारण पॉलिश न केलेल्या सीमलेसच्या आत ओढकामाच्या रेषा असतात आणि त्यात अन्नाचा अंश अडकतो. आंब्याच्या रसाला ३०४एल पुरतो. मासळीच्या मिठाच्या पाण्याला ३१६एल घ्या, पण ते पाणी लाइनमध्ये साचून राहत नसेल तरच तो टिकतो; म्हणून शिफ्ट संपली की गोड्या पाण्याने धुऊन लाइन पूर्ण रिकामी करा. हायपोक्लोराइट रात्रभर लाइनमध्ये ठेवलं तर कोणताही ग्रेड तक्रार करणारच.

इथला नेहमीचा घोळ मापाचा. ‘२ इंची’ पाइप म्हणजे बाहेरून ६०.३ मिमी; ‘२ इंची’ डेअरी ट्यूब म्हणजे बाहेरून ५०.८ मिमी. पाइप एका दुकानातून आणि युनियन (जोडणीचे आटेवाले भाग) दुसऱ्याकडून आले की कळतं, आणि तोवर मे महिना, म्हणजे सीझन, अंगावर आलेला असतो. मागणीत इंचाबरोबर बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहाच.

पीओत काय लिहायचं

एक ओळ पुरे, पण ती पूर्ण हवी. उदाहरणार्थ: ‘४ इंच एनबी, बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, शेड्यूल १०एस, एएसटीएम ए३१२ टीपी ३१६/३१६एल दुहेरी प्रमाणित, वेल्डेड, सोल्यूशन अनील्ड व पिकल्ड, टोकं सरळ कापून बेव्हल केलेली, ६ मीटर लांबी, ईएन १०२०४ ३.१ सर्टिफिकेटसह, दोन्ही टोकांना कॅप.’ (एनबी म्हणजे नाममात्र माप, पिकल्ड म्हणजे आम्लाने स्वच्छ केलेला, बेव्हल म्हणजे वेल्डसाठी उतरती केलेली कड, ईएन १०२०४ ३.१ म्हणजे त्याच मालाच्या चाचणीचं गिरणीचं सर्टिफिकेट.) फिटिंगचीही जात ठरवा: ए४०३ मध्ये डब्ल्यूपी-एस म्हणजे सीमलेस, डब्ल्यूपी-डब्ल्यू वेल्डेड, डब्ल्यूपी-डब्ल्यूएक्स रेडिओग्राफी केलेलं. पाइप सीमलेस आणि एल्बो वेल्डेड अशी खिचडी कित्येक लाइनींवर दिसते. मग पाइपसाठी जास्त मोजलेले पैसे गेले कुठे? दोन्ही प्रकारांचं कोटेशन एकाच दिवशी मागवा, कारण निकेलच्या भावाबरोबर दर हलतो आणि आठवड्याच्या अंतराने घेतलेले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

माल उतरवताना

गिरगाव-खेतवाडीहून किंवा कळंबोलीहून गाडी आली की ती रिकामी व्हायच्या आधी तपासा. पाइपवर छापलेला हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) सर्टिफिकेटशी जुळतो का ते प्रत्येक नळीवर पाहा. चुंबक लावून ३०४ ओळखता येत नाही. २०० मालिकेचा स्वस्त पाइपही चुंबकाला चिकटत नाही. पीएमआय बंदुकीने (धातूतले घटक ओळखणाऱ्या हातातल्या एक्स-रे यंत्राने) क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम कळतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम २ टक्क्यांच्या खाली दिसलं तर नळी बाजूला. पण एक्स-रेच्या बंदुकीला कार्बन दिसत नाही, म्हणून ‘एल’ आहे की नाही हे तिच्यावरून ठरवू नका. त्यासाठी तुकडा कापून प्रयोगशाळेत स्पार्क चाचणीला पाठवा.

सीमलेस म्हणून वेल्डेड गळ्यात मारला नाही ना, हे पाहायला टोकातून बॅटरी मारा आणि आतून नखाने गोल फिरवून पाहा. मणी चांगला दाबलेला असेल तर हाताला लागत नाही. मग मायक्रोमीटरने टोकाच्या घेरावर आठ ठिकाणी जाडी मोजा. सीमलेसमध्ये एका बाजूचे आकडे हळूहळू वाढत जाऊन समोरच्या बाजूला उतरतात. आठही आकडे जवळपास सारखे आले तर संशय घ्या. दोऱ्याला बांधलेला बारीक पण जोरकस चुंबक घेराभोवती फिरवला आणि एकाच रेषेवर तो किंचित ओढला गेला, तर तिथे जोड आहे. अनील केलेल्या पाइपात ही ओढ अगदी नाहीशीही होते, त्यामुळे अंतिम खात्री कापलेल्या कड्याचं पॉलिश आणि एचिंग करूनच होते.

स्टोअरमध्ये स्टेनलेस पाइप लोखंडी घोड्यांवर ठेवू नका, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. एमएसवर (साध्या पोलादावर) चाललेला ग्राइंडर शेजारी फिरला की ठिणग्यांचे लोखंडी कण पाइपवर चिकटतात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके उमटतात. कटिंग आणि ग्राइंडिंगच्या चकत्या वेगळ्या, वायर ब्रशही स्टेनलेसचाच.

बसवताना

आडव्या लाइनमध्ये लांबीचा जोड तळाशी येऊ देऊ नका. साचलेलं पाणी आणि गाळ तिथेच बसतो. घड्याळाच्या दहा किंवा दोनच्या जागी ठेवा आणि शेजारच्या नळीचा जोड दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन जोड एका रेषेत येत नाहीत. पाइप वाकवायचा असेल तर जोड बाकाच्या कुशीला, आत किंवा बाहेर नाही. शाखा काढायचं भोक जोडावर पाडू नका. सीमलेसची नळी नळीशी लावताना विकेंद्रतेमुळे आतून पायरी पडते; नळी फिरवत जाड बाजू जाड बाजूसमोर आणली की पायरी बरीच कमी होते.

हवेने जोड आतून जळू नये म्हणून वेल्डला मागून आरगॉन हवाच. ४ इंची १०एस ची अख्खी ६ मीटर नळी भरायची तर आतलं घनफळ सुमारे ५५ लिटर. पाचपट वायू सोडायला मिनिटाला १० लिटरने जवळपास अर्धा तास लागतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना ३०० मिमीवर बांध घातले तर घनफळ साडेपाच लिटर होतं आणि तीन मिनिटांत काम भागतं. आरगॉन हवेपेक्षा जड, म्हणून आत सोडायची नळी खाली, बाहेर जायचं भोक वर. आतून जोड रुपेरी किंवा फिकट गवती दिसला तर ठीक. निळा, करडा, काळा किंवा साखरेसारखा दाणेदार असेल तर कापून टाका. फिलर ३०४एल ला ईआर ३०८एल, ३१६एल ला ईआर ३१६एल. पासांमधलं (वेल्डच्या दोन थरांमधलं) तापमान १५० अंशांच्या आत. बाहेरचा रंग पिकलिंग पेस्टने काढून भरपूर गोड्या पाण्याने धुवा.

हायड्रोटेस्ट (पाणी भरून केलेली दाबचाचणी) डिझाइन दाबाच्या दीडपट. पाण्यातलं क्लोराइड ५० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत असावं, आणि कोकणात घात होतो तो इथे. मार्च ते मे खाडीलगतच्या विहिरी आणि बोअर मचूळ होतात. कंत्राटदार जवळचं तेच पाणी भरतो, टेस्ट पास होते, आणि कमिशनिंगला उशीर म्हणून पाणी महिनाभर लाइनमध्येच राहतं. मग नवी कोरी लाइन सुरू व्हायच्या आधीच तळाला टाचणीएवढी भोकं पडतात, बऱ्याचदा साइटच्या वेल्डजवळ. टेस्टच्या आधी पाण्याचा नमुना तपासा, टेस्ट झाल्यावर त्याच दिवशी लाइन रिकामी करून कोरड्या हवेने सुकवा, आणि सखल जागी ड्रेनचा व्हॉल्व्ह आधीच ठेवा.

बाहेरून येणारा गंज

किनाऱ्यालगत ३०४ वर चहाच्या डागासारखा तपकिरी रंग चढतो. उघड्यावरचा पाइप पावसात धुतला जातो. शेडखालचा आणि पाइपरॅकच्या आतला धुतला जात नाही, मीठ तिथेच साचतं. त्या भागाला वर्षातून दोन-तीनदा गोड्या पाण्याची होज मारा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्यात नक्की.

गरम लाइनवरचं इन्सुलेशन जास्त धोक्याचं. क्लॅडिंगच्या (वरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) फटीतून पावसाचं पाणी आत गेलं की इन्सुलेशनची लोकर भिजते, मीठ पाइपच्या अंगाला लागतं, आणि ६० अंशांच्या वर ३०४-३१६ ला बाहेरून तडे जाऊ लागतात. सीमलेस आणि वेल्डेड दोघांनाही सारखेच. उपाय म्हणजे स्टेनलेससाठीची कमी क्लोराइडची लोकर, तिच्याखाली पाइपला अॅल्युमिनियम फॉइल किंवा योग्य रंग, आणि क्लॅडिंगचे आडवे जोड खालच्या बाजूला वळवून सील केलेले. सपोर्ट, व्हॉल्व्ह आणि नोझलपाशी क्लॅडिंग कापलेलं असतं, पाणी तिथूनच शिरतं. त्या जागा मे अखेरीस उघडून पाहा आणि सीलंट पुन्हा भरा. तडा संशयास्पद वाटला तर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारा, नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही.